माळ्यावरच्या आठ बाटल्या

गुरुवारी माझी मुलगी शंभर माणसांसमोर खोटं सांगणार आहे आणि ते खोटं आहे हे तिला ठाऊक नाही. मला आहे.

मालिनी आमची एकुलती एक. जन्म इथलाच, न्यू जर्सीचा. नवव्या वर्षी शाळेने अंडी उबवायची पेटी घरी दिली, तेव्हा हिने त्या पेटीशेजारीच अंथरूण घातलं. पुढे मेडिकलला जाण्याइतके मार्क असूनही कोंबड्यांचे रोग शिकायला विस्कॉन्सिनला गेली. यांचे मित्र दिगंबर अजून चिडवतात, "वहिनी, सगळ्यांच्या मुली माणसांच्या डॉक्टर, तुमची कोंबड्यांची! फी काय, अंडी?"

"दॅट्स द आयडिया, काका," ती म्हणते.

१९८४ साली ती केनियात गेली होती. तिथे एका बाईच्या चौदा कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. लस टोचलेली होती, पण गावात येईपर्यंत ती उन्हाने निकामी झाली होती. गावात फ्रीज नव्हताच. तेव्हापासून उन्हात टिकेल अशी लस, हेच मालिनीचं काम.

या ऑगस्टमध्ये ती लसीच्या आठ बाटल्या घेऊन घरी आली. लॅबमधल्या तिच्या सरांना विचारून त्या थर्मामीटरसकट आमच्या माळ्यावर ठेवल्या. कशासाठी ते मला सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "आई, डोन्ट टच, हं." आणि मैत्रिणीच्या लग्नाला आठवडाभर शिकागोला गेली.

त्या आठवड्यात उकाड्याने माळ्यावर पाय ठेवता येईना. मला वाटलं, पोरगी फ्रीजमध्ये ठेवायला विसरली. लस बर्फात ठेवतात, हे मी सांगलीत लहानपणापासून पाहिलेलं. सहा दिवस त्या बाटल्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे होत्या. ती यायच्या सकाळी परत वर नेऊन ठेवल्या, तिला ओशाळं वाटू नये म्हणून.

रात्री ती यांना सांगत होती, "बाबा, ॲटिकमध्ये हंड्रेड अँड टेन फॅरनहाइट! यात टिकल्या तर गावात नक्की टिकतील." तव्यावरची पोळी करपली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "सरांनी या लसीला लास्ट चान्स दिलाय." मी दुसरी पोळी लाटायला घेतली.

काल फोन आला. "आई, आठही बाटल्यांतली लस अलाइव्ह, उन्हाने काही बिघडलं नाही! गुरुवारी कॉन्फरन्सला सांगणार, ऑक्टोबरमध्ये लस केनियाला." मी "शाब्बास" म्हटलं.

आज सकाळी यांना सगळं सांगितलं. "अगं, ते पुन्हा तपासतीलच की," म्हणाले आणि पेपर उघडला.

आणि नाही तपासलं तर? केनियातल्या त्या बाईने पुन्हा चार कोंबड्या जमवल्या असतील. या वेळची लस उन्हात टिकते असा शब्द कोणीतरी तिला देईल, माझ्या फ्रीजच्या भरवशावर.

रात्रीचे अकरा वाजलेत. तिकडे दहा; मालिनी लॅबमध्येच असणार. आता वही मिटून नंबर फिरवणार आहे. जेवलीस का, असं विचारणार नाही; विचारलं की धीर सुटेल. आधी सांगणार, बाटल्या मी हलवल्या होत्या.