एका माणसाची बॅच

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात मी बॅचचा खर्च काढतो. देवावर विश्वास नव्हता असं नाही. आकड्यांवर जास्त होता. बायकोचा रक्ताचा कॅन्सर केमोनंतर दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा डॉक्टरांनी मुंबईत होणारा एक नवा उपाय सांगितला. तिच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत तिच्या अंगात सोडायच्या. परदेशात याला कोट्यवधी लागतात. आपल्याकडे बनतं म्हणून बरंच कमी. तरी घर आणि पोलादपूरकडची जमीन विकूनही ते पुरलं नसतं.

गावी ग्रामदेवीला कौल लावायला गेलो. ही वाचली तर काय अर्पण करीन, सहा महिन्यांत बरी झाली तर वर काय, असा नवस कागदावर लिहूनच नेला होता. म्हातारे गुरवकाका हसले. "देवीला कोटेशन देतोस काय रे? नि जगंल का, असा कौल आमी लावत नाय. जायाचं का नाय, येवढंच इचार." देवीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे होकार. आम्ही मुंबईला निघालो.

रुग्णालयाच्या खिडकीवर आकडा ऐकून ही म्हणाली, "घर विकून मला वाचवाल, नि ठेवाल कुठं? कंपनीच्या गेटवर?"

"भाभी, महाडच्या काय?" मागे उभे असलेले एक मुसलमान गृहस्थ बोलीवरून ओळखून हसून म्हणाले. भावाचे कागद न्यायला आले होते. भाऊ महिन्यापूर्वी गेला होता. याच उपचाराची चाचणी शेजारच्या इमारतीत चालू आहे, निवडलेल्या रुग्णांना खर्च पडत नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. "आम्हाला उशीर झाला. तुम्ही नका करू." त्या इमारतीच्या दारापर्यंत सोडून ते गेले. नाव विचारायचं राहिलं.

हिची निवड झाली. काही आठवड्यांनी तिच्याच पेशींची, तिच्या नावाची छोटी पिशवी आली. आमच्याकडे एका बॅचमध्ये लाखो गोळ्या निघतात, म्हणून गोळी स्वस्त. ही अख्खी बॅच एका माणसाची, आणि तपासण्या तितक्याच कडक. ती बनवणाऱ्यांना, ती गरिबाच्या आवाक्यात आणायला झटणाऱ्यांना मी मनोमन हात जोडले.

पेशी अंगात सोडल्यावर ताप चढला, तापात ती मला ओळखेना. काय मागावं तेही सुचेना. नुसतं देवीचं नाव घेत बसलो. आठव्या दिवशी ताप उतरला.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "सध्या कॅन्सर दिसत नाही." किती वर्षं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर हिनं कोपर मारलं. "अहो, चला. महाडची गाडी चुकेल."

न विचारताच उठलो. गाडीत खिडकीची जागा तिला दिली.