खिडकीतून काढलेली पिन

आमच्या गावच्या दवाखान्यासाठी दिवाळीत दीपोत्सव करायचा, ही कल्पना माझीच. देणगी द्यायची आणि घरच्या माणसाच्या नावानं दवाखान्याच्या आवारात पणती लावायची. मागच्या वर्षीच्या देणगीतून तान्ह्या बाळांना ऊब देणारं यंत्र आलं. त्याआधी कमी वजनाचं लेकरू जन्मलं, की जीपमध्ये घालून लातूरला पळवावं लागायचं. यंत्र आल्यापासून माझी मान जरा ताठच होती, आता सांगायला काय हरकत आहे!

यंदा पणत्यांच्या जोडीला मुरुडहून विजेच्या माळाही आणल्या होत्या. दिवेलागणीला आवार माणसांनी भरलं, कर्ण्यावर भक्तिगीतं लागली, आणि फाटकावरची माळ काही पेटेना. वायरमन पार दुसऱ्या टोकाला. त्याची वाट कोण बघणार? माझा हात लागल्याशिवाय कुठलं काम होतच नाही, असा माझा तेव्हा समज होता. दवाखान्याची एक खिडकी उघडी दिसली. पडद्याआड हात घालून चाचपडलं, तर बोर्ड सापडला. त्यात एक पिन होती. या थंडीत पंखा कुणाला हवाय, म्हणत मी ती उपसली आणि माळेची खोचली. फाटक लखलखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

पंधराएक मिनिटांनी सिस्टर धावत बाहेर आल्या.

"खिडकीतून वायर कुणी घेतली? बाळाचं यंत्र बंद पडलंय! दोन दिवसाचं लेकरू हाय आत, पाय गार पडलेत त्याचे. मी दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकले होते. यंत्र कवापासून कोकलतंय, पण तुमच्या कर्ण्यापुढं ऐकू येतंय का काही?"

ती पिन कशाची होती, ते तिथंच उभ्या उभ्या कळलं. देणगीसाठी दारोदार फिरून जे यंत्र आणलं, तेच मी बंद पाडलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. सगळे बिचाऱ्या वायरमनवर तुटून पडले, आणि मी गर्दीत मागं सरकले.

डॉक्टरांनी पोरीला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून शाल पांघरली. यंत्र परत सुरू झालं, पण पोरीला ऊब येईपर्यंत आईपासून हलवायचं नव्हतं. अर्धा तास मी दाराबाहेर भिंतीला धरून उभी. तिला काही झालं असतं तर, याच्यापुढं विचारच सरकत नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाय कोमट झालेत, आता भीती नाही. मग मी आत गेले.

आई शेजारच्या वाडीवरची, विशीतली. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"मावशी, ह्ये यंत्र तुमच्या दिव्यांमुळं आलं म्हनत्यात. न्हाईतर आमची पोरगी कुठली वाचती! लई उपकार झाले. हिच्या डोक्यावर हात ठिवा की."

हात पुढं गेलाच होता.

"बाई, ती पिन वायरमननं नाही काढली," मी म्हणाले. "मी काढली."

तिला आधी उमगलंच नाही. ती तशीच हसत माझ्याकडं बघत राहिली. मग उमगलं. तिनं शाल पोरीच्या डोक्यावरून ओढून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.