हळदीतली लाली

हेमलताला खोटं बोलता येत नसे, म्हणूनच की काय तिच्या नशिबी खोटं लिहायची नोकरी आली. गोहलपुरात नळांना आणि सायकलींच्या भागांना चकचकीत मुलामा देणारा एक छोटा कारखाना होता. तिचे यजमान पुंडलिकराव तिथंच कामाला होते. ते गेल्यावर मालकानं मागची खोली तिच्याकडेच राहू दिली, आणि तिनं नागपुरात बी.एस्सी.चं एक वर्ष केलेलं म्हणून सरकारी तपासणीला दाखवायची सांडपाण्याची वही तिच्या हाती दिली. नोकरी गेली की छप्परही जाणार, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

रोज कागदाची पट्टी टाकीत बुडवायची, रंग पाहायचा, पीएच लिहायचा. ॲसिडच्या पाण्यात पट्टी लाल होई, आकडा दोन-तीन. त्यात बेतानं चुना घातला की आकडा सातावर येतो आणि पाणी निरुपद्रवी होतं. पण बेतानं घालायला सवड कुणाला? गडी अख्खं पोतंच रिकामं करत आणि पट्टी गर्द निळी होई. बारा.

"सात लिख दो, बहनजी," मालक म्हणे. "चूना तो हम रोज पान में खाते हैं."

त्याच्या लेखी फरक पाचाचा. पण हा हिशेब तसा नसतो, हे हेमलताला पक्कं ठाऊक होतं. आकडा एकानं चढला की पाण्यातले हायड्रोजन आयन दहापटीनं घटतात. सातावरून बारावर म्हणजे लाखपटीनं. कातडी सोलणारं पाणी. तिला मालकाची चीड येई, स्वतःची त्याहून जास्त. आणि ती सात लिही. तीन वर्षं लिहीत होती. ते पाणी नेणारी नाली शेजारच्या कुंदाच्या विहिरीजवळून जाते, पण विहीर चांगली वीस हात लांब आहे, अशी मनाची समजूत घालायची आणि वही मिटायची.

कुंदा तिची एकुलती एक मैत्रीण. तिच्या लेकीची, जयाची, हळद होती. कुंदानं सगळ्यांसमोर गडू हेमलताच्या हाती दिला.

"विधवेच्या हातचं पाणी हळदीत? काहून?" कुंदाच्या सासूबाई, भानुमतीबाई, कडाडल्या.

"माझ्या पोरीची हळद आहे, आई. पाणी तीच आणन," कुंदा म्हणाली.

हेमलताला भरून आलं. विहिरीतून गडू भरून तिनं परातीतल्या हळदीवर ओतला. जया हळद कालवू लागली, आणि पिवळी हळद तिच्या बोटांखाली विटकरी लाल होत गेली.

"पाह्यलं? म्हटलं होतं नं मी!" भानुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. बायका मागं सरल्या. जया रडायला लागली.

हळद चुन्यानं लाल होते. वीस हात ओलांडून चुना विहिरीत उतरला होता. हेमलतानं मुकाट्यानं एक लिंबू चिरलं आणि परातीत पिळलं. आंबट रस मिसळला तशी हळद पुन्हा पिवळी झाली.

"दृष्ट उतरली बाई!" कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. भानुमतीबाईसुद्धा निवळल्या. "चलो, दोष गेला. आता सैपाकाचं पाणी भरा तिथलंच."

दोन पोरी बादल्या घेऊन निघाल्या. हेमलताच्या हातात गडू तसाच होता. गप्प राहिलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं.

"ते पाणी भरू नका," ती म्हणाली. "कारखान्याचा चुना हाये त्यात. मले माहीत होतं. वहीत रोज खोटं लिहून राहिली मी."

बादल्या दारातच थांबल्या. कुंदा तिच्याकडे बघत राहिली, मग विहिरीकडे, मग रोज त्याच पाण्यानं न्हाणाऱ्या आपल्या पोरीकडे.

कुंदा जवळ आली आणि मघाशी सगळ्यांसमोर दिलेला गडू तिनं हेमलताच्या हातातून काढून घेतला.