एका इंजिनाचं विमान

विमान कसं निवडायचं हे मी आयुष्यभर शिकवलं, आणि स्वतः पहिल्यांदा विमानात बसले ती साठीनंतर, तीही डोळे घट्ट मिटून. हे ऐकून नात खो खो हसते. हसू दे. शिकवत होते तेव्हाची मी हसण्यासारखीच होते. ठाकूरद्वारहून कडक इस्त्रीच्या साडीत कॉलेजला निघायचे, आणि जगातलं सगळं आपल्यालाच ठाऊक असल्याचा तोरा.

हवेचा, धुराचा अभ्यास आकाशातून करायचा तर विमान कुठलं न्यायचं, हा माझा विषय. उपकरणं किती, उडायचं किती खालून, किती सावकाश, हे बघून मुलांनी ठरवायचं. एके दिवशी वर्गात प्रश्न समुद्रावरच्या धुरक्याचा होता. माझं उत्तर पक्कं होतं: एका इंजिनाचं छोटं विमान. सावकाश उडतं, खाली जातं, हवेचे नमुने छान मिळतात.

लालबागचा एक मुलगा उठला. वहीत त्याने दोन इंजिनांचं लिहिलं होतं. "मॅडम, खाली पाणी आहे. एकच इंजिन, तेही बंद पडलं तर?"

"एवढी भीती वाटते तर चाळीच्या गच्चीवर पतंग उडव रे!"

वर्ग खिदळला. तोही हसला, कान लाल करून, आणि आपलं खोडून त्याने माझं उत्तर लिहिलं. पुढे तो याच कामात गेला. मी चार लोकांत मिरवलं.

तीन वर्षांपूर्वी त्याने एका मोहिमेसाठी विमान निवडलं. एका इंजिनाचं. उपकरणं सांभाळायला स्वतःच बसला. किनाऱ्यापासून लांब इंजिन बंद पडलं. वैमानिक सापडला. तो नाही.

मी त्याच्या घरी गेले. आईने चहा दिला आणि त्याची ती वही पुढ्यात ठेवली. "बाई, ह्या तुमी काय लिवलात? घरात इंग्रजी वाचणारो तोच एक होतो."

खोडलेल्या उत्तराशेजारी, वही तपासताना लिहिलेलं, माझं वळणदार इंग्रजी अक्षर होतं: भीती हा विमान निवडण्याचा निकष नव्हे.

"हुशार मुलगा, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"इतक्याच? लांब दिसता."

"हुशार मुलगा. खूप मोठा होईल."

तिने दारातूनच शेजारणीला हाक मारली. "ये गो, आयक. बाईंनी काय लिवल्यानी ता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं, एकेका शब्दावरून बोट फिरवत.