धावड्याला बांधलेली गाठ

आमच्या गावामागं जो कडा आहे त्याला नाव नाही. आम्ही नुसतं कडाच म्हणतो. केज सोडून धारूरच्या बाजूला आलं की बालाघाटचे डोंगर जवळ येतात, त्यातलाच तो एक. उतारावर सीताफळीचं रान, मध्ये एक घळ, आणि वर चाळीस हात सरळ उभी काळ्या दगडाची भिंत. गावातली माणसं घळीनं वर जातात. भिंतीवरून जायचं काही कारणच नाही, वेड लागलंय का कुणाला!

ते वेड बीडहून आलं. तिथं कोचिंग क्लासात गणित शिकवणारे एक सर आहेत. कुठंतरी वर हिमालयात जाऊन ते डोंगर चढायचं शिकून आलेत. एका रविवारी ते दहाबारा माणसं जीपमध्ये घालून आमच्याकडं आले आणि पाऊस उघडून दोन दिवस झालेले नसताना सगळी वरात घळीत घुसली. मी शेळ्यांना पाला तोडत होते. ओली माती, वर सुटे दगड. मी तिथनंच ओरडले, "अय, तिकडं कुठं मरायला चाललात? डाव्या अंगानं या!" सर आले डाव्या अंगानं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "ताई, पुढच्या रविवारी आमच्या पुढं चालता का?" म्हणलं, चालते की. माझं काय जातंय?

तिथून मी त्यांची वाटाडी झाले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडलं. बँकेतले साहेब, नर्सबाई, वकील, सगळे माझ्यामागं धापा टाकत यायचे आणि मी पुढं चपलेवर. चौदा हंगाम मी ऊस तोडलाय. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, फळी वीतभर रुंद, पाय घसरला तर मोळीसकट खाली. असं दिवसातनं किती वेळा चढायचे त्याचा हिशेब नाही. त्यामुळं उंचीचं भ्या मला ठाऊकच नाही. सरांच्या लोकांना बूट लागतात, मला बूट घातले की पाय आंधळे झाल्यासारखं होतं.

हळूहळू सरांनी मला दोराचं काम शिकवलं. कड्याच्या माथ्यावर, काठापासून चार पावलं आत, एक जुना धावडा आहे, जाड बुंध्याचं झाड. आखूड दोरानं स्वतःला त्या धावड्याशी बांधून घ्यायचं. मग लांब दोर आपल्या कमरेमागून घेऊन खाली सोडायचा. भिंत चढणाऱ्याच्या पट्ट्याला तो बांधलेला असतो. माणूस वर येईल तसा दोर ओढत राहायचं. तो निसटला तर त्याचं वजन आपल्या कमरेवर येतं, आणि आपल्याला धावडा धरतो. धावड्याची गाठ सुटली तर दोघंही खाली. इतकं साधं काम आहे. त्या गाठीला सर आठाची गाठ म्हणतात, कारण ती आठच्या आकड्यासारखी दिसते. मी महिनाभर खाटेच्या पायाला ती बांधली. माझी पोरगी अभ्यास करता करता बघायची आणि हसायची.

आता मुद्द्याचं सांगते. पोरगी त्या वर्षी दहावीला होती. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही दोघं नवराबायको ऊसतोडीच्या टोळीत जायचो आणि ती चुलतीकडं राहायची. परीक्षा मार्चमध्ये, आणि आमची टोळी परतते त्याच्याही नंतर. ती कधी तोंडानं बोलली नाही, पण गणपतीत एकदा म्हणाली, "माय, ह्या वर्षी तू घरी असतीस तर बरं झालं असतं." एवढंच. मला रात्रंदिवस तेच ऐकू यायला लागलं.

सरांनाच सांगितलं मग. ते म्हणाले, "हिवाळ्यात दर शनिवार-रविवार माणसं येणार आहेत. वर दोर धरायला पक्कं माणूस लागतंय. दसऱ्यानंतरच्या रविवारी तुम्ही एकटीनं दोर सांभाळून दाखवा, मग हिवाळाभर रोजावर काम तुमचं." आमचे मालक म्हणाले, तसं झालं तर मी भावाला जोडीला घेऊन जातो, तू राहा घरी. सगळं जमल्यात जमा होतं. त्या एका रविवारावर आमच्या घराचं सगळं वर्ष येऊन बसलं होतं.

त्या रविवारी सकाळीच माझं आणि सरांचं वाजलं. ते म्हणाले, "तुम्ही गाठ बांधली की मी वर येऊन एकदा बघून जातो." माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "सर, चौदा वर्षं बैल बांधलेत मी. माझी गाठ तपासायला तुमी वर येणार? मग तुमीच धरा की दोर!" सर भला माणूस. म्हणाले, "बरं, राहिलं." आज मला वाटतं, त्यांनी तिथं माझ्यावर ओरडायला पाहिजे होतं.

बैल बांधायचं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. टोळीत आमच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या पाचटाच्या. वाळलेलं पाचट, शेजारी चुली. कोपी पेटली की बघता बघता रांग जाते. म्हणून टोळीत बैल कधी पक्क्या गाठीनं बांधत नाहीत. सुरगाठ मारतात, एका झटक्यात सुटणारी. दोराचं मोकळं टोक ओढलं की बैल मोकळा. टोळीत माझ्या पहिल्याच वर्षी भरदुपारी तीन कोप्या जळाल्या आणि सासऱ्यानं धावत येऊन टोकं ओढत सहा बैल सोडले, ते मी डोळ्यानं पाहिलंय. तेव्हापासून आठाची गाठ शिकेपर्यंत माझ्या हातानं दुसरी गाठ कधी मारलीच नाही.

तर मी घळीनं वर गेले. ऊन चढलं होतं. आखूड दोर धावड्याला घातला, आणि खालनं त्या वकिलाचा आवाज आला, "झालं का हो मावशी? आम्ही इथं म्हातारं व्हायचं काय?" मला आला राग. मावशी म्हणे! माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल बाबा. त्याला दोन शब्द सुनावत सुनावतच मी गाठ मारली, कमरेमागून दोर घेतला आणि म्हणलं, "या!"

पहिल्या आल्या नर्सबाई. पन्नाशीच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला हात लावलेल्या. निम्म्यात आल्यावर त्या थांबल्या, कुठं पाय ठेवू म्हणायला लागल्या. मी वाकून बघितलं, पाय दाखवला, मागं सरकले. आणि सहज मान धावड्याकडं वळली.

धावड्याला सुरगाठ होती.

तेवढ्यानं भागलं नव्हतं. तिचं मोकळं टोक बोरीच्या झुडपात अडकलं होतं. मी पुढंमागं सरकले की झुडूप टोक ओढायचं, आणि गाठीचा फास बारीक व्हायचा. आता तो अंगठ्याएवढा राहिला होता. हात सोडून बांधायला जावं तर खाली बाई लटकलेली. ओरडून सांगावं तर ती घाबरून हात सोडायची. देवा रे, म्हणलं, हे काय करून बसले मी!

मग मी खाली बसले. काठाशी दगडात एक खाच होती, तिच्यात दोन्ही टाचा रोवल्या, पाठ मागं टाकली. फळीवर मोळी घेऊन उभं राहिल्यावर पायात जेवढा जोर लागतो तेवढा सगळा टाचेत आणला. आवाज साधा ठेवला आणि म्हणलं, "मॅडम, आता थांबू नका. उजवा पाय वर, हां, आणि चला, चला." त्या चालल्या. एकदा घसरल्याच. सगळं वजन कमरेवर आलं, दोर हातात चरचरला, पण टाचा हलल्या नाहीत. मी हलणार नव्हतेच. त्या वेळी बैलानं ढकललं असतं तरी हलले नसते.

बाई वर आल्या. रडल्या, हसल्या, मला मिठी मारली, "ताई, तुमच्यामुळं झालं हो!" त्यांच्या मिठीत असतानाच मी बघितलं, गाठ पूर्ण सुटून दोर धावड्याच्या बुडाशी पडला होता. बाईंनी काही पाहिलं नव्हतं. खालनं सर ओरडले, "एक नंबर, ताई! पुढचं पाठवू का?"

मी आठाची गाठ मारली. नीट, मोजून, तीनदा ओढून. कुणालाच काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पोरगी डोळ्यासमोर आली. पण हात माझेच होते ना? आज गप बसले तर कुणी तपासायला येणार नाही, आणि पुढं कधीतरी कुणीतरी मावशी म्हणेल आणि हे हात परत तेच करतील. मी काठावर जाऊन ओरडले, "सर, कुणाला पाठवू नका. तुमीच घळीनं वर या."

वर आल्यावर सगळं सांगितलं. सुरगाठ, झुडूप, टाचा, सगळं. सरांनी आधी धावड्याची गाठ स्वतः ओढून बघितली. बाईंनी काठावरनं एकदा खाली वाकून बघितलं. त्या दिवशी बाकीची माणसं सरांच्या हातानं चढली. जाताना सर म्हणाले, "ताई, ह्या वर्षी मी तुमच्या हातात दोर देऊ शकत नाही." म्हणलं, "मी पण दिला नसता."

घरी येऊन पोरीला सांगितलं. ती इतकी चिडली की वही फेकली. "कावून सांगितलंस? कुणी बघितलं न्हवतं ना! बाई वर आली, संपलं की! माझ्या परीक्षेला तू इथं न्हाईस आता, ते फक्त तुझ्या तोंडामुळं!" तिचं खरंच होतं. मी चुलीपुढं बसून रडले, आणि दिवाळी झाली तशी मालकांबरोबर माजलगावकडच्या उसाच्या फडावर निघून गेले.

सरांनी सरावाला हातभर दोर दिला होता. कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला, मी रोज आठाची गाठ मारायचे. बैलाला सुरगाठ, मेढीला आठ. मालक म्हणायचे, "बघ हां, उलटं करून बसशील, बैल जळंल आन् मेढ सुटंल." पण उलटं झालं नाही. कुठल्या गाठीला हात लावतोय ते बघूनच हात लावायला मी शिकले. मार्चमध्ये पोरगी परीक्षेला एकटीच गेली. पेपर झाला की फोन करायची, दोन शब्द बोलून ठेवायची. पास झाली, केजला अकरावीला गेली, पण त्या रविवारचा विषय तिनं परत काढला नाही.

पुढच्या सीताफळीच्या दिवसात सरांनी दोर माझ्या हातात दिला. आता आमच्याकडं एक नियम आहे आणि तो मीच केलाय. दोरावर पहिला जो येणार, त्यानं आधी घळीनं वर यायचं, धावड्याची गाठ स्वतः बघायची आणि मग खाली जाऊन चढायचं. वकीलसाहेब सुद्धा मुकाट्यानं येऊन बघून गेलेत.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी म्हणाली, मला चढायचंय. घळीनं वर आली, धापा टाकत. धावड्यापाशी बसली, गाठीवरनं बोट फिरवलं, एकदा ओढलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं, मी चिडते की काय म्हणून.

"अजून ओढ," मी म्हणलं. "बुंध्याला पाय लावून ओढ."

तिनं पाय लावला आणि सगळं अंग टाकून ओढलं. गाठ हलली नाही.

"पक्की हाय, माय," ती म्हणाली. मग घळीनं खाली उतरली, आणि मी दोर कमरेमागून घेऊन तिच्यासाठी बसले.