डाव्या हाताचा बोल्ट

आर्लिस नायक्विस्टच्या मापाचं आजवर काहीच झालं नव्हतं. लहानपणी थोरल्या भावाचे बूट पुढे कागद कोंबून घातले. शाळेची बस चालवायला लागली तेव्हा जाकीट मिळालं ते आधीच्या चालकाचं, बाह्या पंजावर येणारं. बंदूक बापाची, ती भावाकडून फिरून तिच्याकडे आली, आणि तिचा खांद्याला टेकायचा दस्ता तिला दोन बोटं लांब. मधे बारा वर्षं नवरा होता, तोही दुसरीनं वापरून सोडलेला. हे ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

म्हणून तिनं फार पूर्वी एक ठरवून टाकलं होतं. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत आपलं नाव निघालं, की बंदूक नवी करायची. एकेक भाग आपण निवडायचा, आपल्या मापाचा. सत्तावीस वर्षं ती दर वसंतात अर्ज भरत होती आणि दर वर्षी नकाराची चिठ्ठी चुलीत घालत होती. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मे महिन्यात, नाव निघालं. हा परवाना दोनदा लागलेला माणूस बॅनिंग फोर्क गावात तरी कोणी पाहिलेला नाही. सप्टेंबरात मोसम उघडणार होता.

जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ती रॉयस टिबेट्सच्या पत्र्याच्या शेडमध्ये यादी घेऊन उभी राहिली. रॉयस चौऱ्याहत्तर वर्षांचा, चाळीस वर्षं बंदुका घडवणारा. शेडला जवसाच्या तेलाचा वास. स्टुलावर ड्यूई स्ट्रँड बसलेला. तो हिवाळ्यात तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवतो आणि उन्हाळ्यात दर शनिवारी रॉयसची कॉफी संपवतो.

"यादी माझी मीच केलीय," आर्लिस म्हणाली. "कोणाला विचारलेलं नाही."

"दिसतंय," रॉयस म्हणाला. त्यानं कानामागची पेन्सिल काढली. "नळी चोवीस इंची, सडपातळ. ठीक. दस्ता कार्बनचा. ठीक. बोल्टचं घर हलक्या धातूचं, उजव्या हाताचं. चाप अडीच पौंडांवर सुटणारा. बाई, तू अभ्यास केलायस."

"चार संध्याकाळी घातल्या."

"मी म्हणालो नव्हतो?" ड्यूई म्हणाला. "ही बाई बसमध्ये पोरांना प्रश्न विचारून हैराण करते. माझ्या भाचीला विचारलं, ढेकूण कशाला म्हणतात. पोरगी घरी येऊन गादी उलटीपालटी करत बसली."

"तुझ्या घरात सापडले असतील की."

पेन्सिल पुढे सरकली आणि थांबली.

"ही दुर्बीण," रॉयस म्हणाला.

"तिला काय झालं?"

"ही दुर्बीण नाही, शेगडीचं धुराडं आहे. सगळीकडे रतीरतीनं वजन वाचवलंस. कड्यावर चढायचंय म्हणून नळी घासलीस, दस्ता पोकळ केलास. आणि वर दोन पौंडांचं धुराडं? त्यात आतली नेमाची रेघ जाड हवी म्हणे, सगळ्यांत जाड. एवढी जाड तर बैल मारायलाही लागत नाही."

"मला उजेड लागतो."

"मेंढा भर दुपारी चरतो, आर्लिस. हे तूच मला शिकवलंयस."

बंदुका घडवणारा माणूस अशी यादी डॉक्टरनं रक्ताचा कागद वाचावा तशी वाचतो. हे आर्लिसला कळायला हवं होतं. तिनं चार संध्याकाळी वजनं जुळवली, किमती जुळवल्या, आणि जे लपवायचं होतं तेच सगळ्यांत ठळक लिहून आणलं.

लपवायचं होतं ते असं. फेब्रुवारीत एका सकाळी दात घासताना उजव्या डोळ्याच्या मधोमध करडा डाग आला, काचेवर अंगठा उमटावा तसा. आरशात स्वतःचं नाक दिसेना. आत नस तुंबली होती. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. मग विचारलं, काम काय करता? "शाळेत असते," आर्लिस म्हणाली. खोटं नव्हतं. बस चालवते, हे मात्र म्हणाली नाही. बसचालकाचे दोन्ही डोळे धड लागतात आणि दर दोन वर्षांनी तपासणी होते. तिची ऑगस्टअखेर होती. तक्ता पाठ करून जायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. हा शुद्ध मूर्खपणा होता आणि तो तिला पुरता कळत होता. पण एकोणीस वर्षांची नोकरी. घरी तिची वाट पाहणारं दुसरं काही नव्हतं. पोरं सकाळी सव्वासातला चढायची आणि तिला 'मिस आर्लिस' म्हणायची. तर फेब्रुवारी ते जून ती एका डोळ्यानं बस चालवत राहिली.

"रॉयस," ड्यूई कॉफी ओतता ओतता म्हणाला, "तुझ्या लेकीनं रस्त्याकडेची नवी टपालपेटी म्हणे लोखंडी खांबावर बसवली. माझ्यासाठीच ना?"

"मला विचारू नकोस. तिला विचार."

"विचारलं. म्हणाली, आता मार धडक. अरे, जुनी पेटी उडाली त्या एप्रिलच्या दिवशी मी बर्फाची गाडी घेऊन त्या रस्त्याला गेलोच नव्हतो. फेऱ्यांची वही बघा म्हटलं, कोणी बघेना. साहेबानं लेखी ताकीद दिली. कॅफेत मला अजून पाव वाढताना म्हणतात, जपून, ड्यूई, बशी उडवशील."

रॉयसला हसू आलं. आर्लिसला आलं नाही. तिनं यादीकडे हात केला. "दुर्बीण लहान घाल. बाकी तसंच राहू दे. आज काम धर म्हणजे झालं."

रॉयसनं यादी दिली नाही. त्यानं भिंतीवरून एक नुसता लाकडी दस्ता काढला. नळी नाही, बोल्ट नाही, वरती फक्त पत्र्याची एक कडी ठोकलेली. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला तो हा ठेवतो. "डोळे मिट. खांद्याला लाव. नीट बसला की उघड आणि कडीतून माझ्या नाकाकडे बघ."

"माझं माप तुला ठाऊक आहे."

"तुझ्या बापाच्या बंदुकीचं ठाऊक आहे."

आता नाही म्हणायला जागा नव्हती. आर्लिसनं डोळे मिटले, दस्ता उजव्या खांद्याला लावला, गाल टेकवला, डोळे उघडले. समोर करडा अंगठा. रॉयसच्या नाकाच्या जागी काही नाही. मान तिच्या नकळत हलली. गाल लाकडावरून सरकला, डोकं दस्त्याच्या पलीकडे कललं, आणि डावा डोळा कडीत येऊन बसला. पन्नास वर्षं बंदूक धरलेली बाई असं करत नाही.

रॉयस समोर उभा होता. त्यानं ते सगळं पाहिलं.  दस्ता परत घेऊन त्यानं तो तिच्या डाव्या खांद्याला लावला. "आता."

तिनं डोळे मिटले, उघडले. कडीच्या बरोब्बर मधोमध रॉयसचं नाक, त्यावरचा मस आणि मसावरचा केस.

"दिसतंय?"

"केससुद्धा."

रॉयस बाकाकडे गेला. तिनं यादीसोबत आणलेला मागणीचा छापील कागद काढून त्यानं तिच्यापुढे सरकवला. त्यात बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सारायच्या दांड्याच्या, ओळीत दोन चौकोन असतात: उजवा, डावा. सगळा गाव पहिल्यात खूण करतो. आर्लिसनं ती घरूनच करून आणली होती.

"डाव्या हाताचं बोल्टचं घर माझ्याकडे एकच आहे," तो म्हणाला. "पोलादी, जड. कोणीतरी सांगून गेला आणि फिरकला नाही. नवं मागवलं तर नाताळ उजाडेल. डाव्या हाताला कार्बनचा दस्ताही वेळेत मिळायचा नाही, अक्रोडाचा मी कोरीन. पाऊण पौंड वाढेल. उजव्या हाताची हवी असेल तर तुझी यादी आहे तशी घेतो, सप्टेंबरात देतो, आणि तू मेंढा जखमी करून सोडशील. तू ठरव."

"डाव्या हाताची कशाला?" ड्यूई म्हणाला. "आर्लिस, तू डावखुरी कधी झालीस?"

हाच तो प्रश्न. गावात डाव्या हाताचा बोल्ट घेऊन फिरलं की तो प्रत्येक दारात विचारला जाणार. आज ड्यूई, उद्या कॅफे, परवा शाळेची मुख्याध्यापक बाई. उजव्या चौकोनातली खूण तशीच ठेवली तर कोणी विचारणार नव्हतं. रॉयसनं पाहिलं होतं, पण रॉयस मागे लागणारा माणूस नव्हता. त्याची नात पहिलीत होती, नाव जून. रोज सकाळी ती त्या टपालपेटीजवळ उभी राहायची, लाल टोपी घालून, रस्त्याच्या उजव्या हाताला.

आर्लिसनं पेन्सिल घेतली. उजव्या चौकोनातली खूण खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली, आणि डाव्यात केली.

"फेब्रुवारीत," ती म्हणाली.

"काय फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत डावखुरी झाले. उजवा डोळा गेला. आणि ती टपालपेटी मी उडवली, ड्यूई. तू नाही. बसचा उजवा आरसा लागला. मला ती दिसलीच नाही."

ड्यूईनं कॉफीचं भांडं शेगडीवर परत ठेवलं.

"बसमध्ये कोण होतं?" रॉयसनं विचारलं. आवाज खालचा, पण त्यात धार होती.

"कोणी नाही. पोरं सोडून परतत होते."

"सकाळीही तू त्याच रस्त्यानं येतेस."

"हो."

"सकाळी तिथे जून असते."

"हो."

"आणि तू एप्रिलनंतरही चालवलीस. मे. जून."

"चालवली." तिनं सबब सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी तिच्याकडे एकही नव्हती.

रॉयसनं दोन्ही हात बाकावर टेकले.  "मुख्याध्यापक बाईंना तू फोन करतेस की मी करू?"

"मी करते."

ती बाहेर गाडीत गेली. शेडच्या खिडकीतून ती दोघांना दिसत होती: फोन कानाशी, दुसरा हात स्टिअरिंगवर, जणू गाडी चालूच आहे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ड्यूईनं कॉफी ओतली नाही. परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"सोमवारी किल्ल्या द्यायच्यात," ती म्हणाली. "शाळेच्या स्वयंपाकघरात जागा आहे का बघते म्हणाली. वचन नाही दिलं."

"देऊही नये," रॉयस म्हणाला.

"मला हे कॅफेत हवंय," ड्यूई मधेच म्हणाला. "तू सांगायचं, तुझ्या तोंडानं, सगळे असताना. तीन महिने मी बशा उडवतोय."

"उद्या चर्च सुटल्यावर."

"आणि पावाचे पैसे तुझे."

"माझे."

आर्लिस रॉयसकडे वळली. ती हे विचारणार नव्हती, पण विचारलं. "बंदूक करणार आहेस का?"

 रॉयसनं फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेलं पोलादी घर खाली काढलं, पुसलं आणि बाकावर ठेवलं. बोल्टची मूठ डावीकडे. शेडमध्ये ती उलट्या बाजूला लावलेल्या दाराच्या कडीसारखी दिसली.

"बंदूक करीन," तो म्हणाला. "बाकीचं मला अजून ठाऊक नाही. हात पुढे कर. डावा."

तिनं हात कोपरात वाकवून धरला. रॉयसनं कोपराच्या वळणापासून बोटाच्या पेरापर्यंत टेप लावली. तिच्याकडे पाहिलं नाही.

"तेरा इंच आणि एक अष्टमांश," तो म्हणाला आणि लिहिलं. "हलू नकोस. पुन्हा घेतो."