इसाबेल सिसाची सही

सुक्रे शहरातल्या शनिवारच्या मंडळात एर्सिलियाबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाल्या, आणि जुनी कागदपत्रं वाचणाऱ्या या मंडळाला त्यांनी आपल्याच जेवणघरात जागा दिली. सरकारकडून दमडी नाही, विद्यापीठाकडून नुसत्या शुभेच्छा. तरी स्पॅनिश राजवटीतल्या बायकांची मृत्युपत्रं छापायचीच, या हट्टानं माणसं दर शनिवारी सकाळी जमत, आधी साल्तेन्या, म्हणजे रसाळ सारणाच्या भाजलेल्या करंज्या, खात, आणि रश्शाचे हात स्वच्छ धुऊनच कागदांना शिवत.

कामाची रीत ठरलेली. एकानं मूळ पानावरचं घसीट अक्षर मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टंकलेली नक्कल धरून ऐकायचं, आणि फरक दिसला की काही न बोलता टेबलावर टकटक करायची. चूक कुणाची, हा वाद नंतर. वाचायच्या बाई. ऐकायचा वाल्तेर पादिल्या, एकेकाळचा औषधविक्रेता, बाईंचा बालमित्र आणि त्यांच्यापुढे अगदी मेणाहून मऊ.

गेल्या हिवाळ्यापासून बाईंची नजर अधू झाली होती. गेलेली परत यायची नाही, उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पुस्तक हातात येईपर्यंत डोळे टिकोत, एवढंच त्यांचं मागणं. मृत्युपत्रांचा साचा त्यांना तोंडपाठ होता. देवाचं नाव, आत्म्याची सोपवणूक, दफनाची जागा. मधली नावं भिंगानं टिपायची, बाकीचं घडाघडा म्हणायचं. लबाडीच होती ती, पण बाईंना तसं वाटत नव्हतं.

त्या शनिवारी चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणाऱ्या इसाबेल सिसाचं मृत्युपत्र होतं. शेवटाला बाईंनी सरावानं म्हटलं, "लिहिता येत नाही असे तिने सांगितल्यामुळे, तिच्या विनंतीवरून साक्षीदाराने सही केली." टेबलावर टकटक झाली नाही.

नक्कल केली होती मारीबेलनं, मंडळातल्या सगळ्यात नव्या मुलीनं. ती चुळबुळली. "बाई, पण तिनं स्वतः सही केलीय. खाली आहे की."

"गप गं!" वाल्तेर खेकसला. "काल आलीस आणि बाईंना शिकवतेस?"

बाईंनी पान नाकाशी नेलं, भिंग फिरवलं. नुसतं राखाडी धुकं.

"वाल्तेर, नक्कल तुझ्या हातात आहे. फरक दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग वाजवलं का नाहीस?"

त्यानं नक्कल खाली ठेवली. "तुझी आई अशीच आंधळी झाली, एर्सिलिया. मला कळत नाही होय? सगळा हिवाळा नाही वाजवलं मी. हात धजेना. तू म्हणशील तसं नकलेत बदलत गेलो."

बाईंचे कान लाल झाले. कुणाची दया त्यांना कधी पचली नव्हती. पण जास्त लागलं ते दुसरंच.

"लिहिणारी बाई होती रे ती! कुणाकुणाच्या विनवण्या करून अक्षर शिकली असेल. आणि मी तिला अंगठाछाप ठरवून छापणार होते. तूही मेल्या, मान डोलवत बसलास!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हिवाळाभर वाचलेलं सगळं पुन्हा वाचायचं."

"छापखान्याची तारीख जाईल. पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं, तर तू..."

"तर मला दिसणार नाही. माहितेय मला. मारीबेल, ये, माझ्या खुर्चीत बस. पहिल्यापासून वाच."

पुस्तक आलं तेव्हा बाईंना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. वाल्तेरनं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी पानं चाचपली. सगळी सारखीच गुळगुळीत.

"इसाबेलची सही छापलीय?"

"छापलीय बाई. चांगली पानभर," मारीबेल म्हणाली.

"कशी दिसते?"

मारीबेल पानावर वाकली. "अक्षरं मोठी आहेत. वाकडी. शेवटच्या अक्षरावर लेखणी फार दाबलीय, शाई पसरलीय."

बाईंनी शाल तोंडावर ओढली आणि त्या हमसून हमसून रडल्या. मंडळातलं कुणीही त्यांना गप्प करायला पुढे झालं नाही.